डावीकडे विज्ञान, उजवीकडे भाषा

आमच्या शाळेत बाकीच्या सगळ्या ‘टीचर’ होत्या, ‘बाई’ त्या एकट्याच. मुलं जिन्यात “बाई आल्या” म्हणून कुजबुजली की कोण आलं हे विचारावं लागत नसे. पाचवी ते आठवीचं विज्ञान त्यांच्याकडे होतं. उंच, सडसडीत, अंगावर फिक्या रंगाची सुती साडी आणि तिच्यावर प्रयोगशाळेचा पांढरा एप्रन. एकदा सकाळी तो चढवला की शाळा सुटेपर्यंत उतरायचा नाही. पालकसभेलाही त्या तशाच बसत. खिशात मेणबत्तीचे तुकडे, लोहचुंबक, चिंचोके, सुतळी, आणि एकदा तर उकडलेलं अंडं निघालं. ते प्रयोगासाठी आणलं होतं की डब्यातलं होतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शाळा कांजूरमार्गची. दुपारी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास थेट वर्गात यायचा आणि आम्ही सगळ्या धावत खिडक्या लावून घ्यायचो. बाई लावू देत नसत. हा वास कशाचा, उन्हात जास्त का येतो, थंडीत कमी का होतो, असं मुलांना विचारत राहायच्या. मुलं नाकाला रुमाल लावून उत्तरं द्यायची. पालकांनी एकदा तक्रार केली. बाई त्यांना म्हणाल्या की वास घरीही येतो, इथे निदान त्याचा उपयोग तरी होतो.

मी इंग्रजी शिकवायची. वयाने त्यांच्याहून बरीच लहान, म्हणून त्या मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणायला लागल्या. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं एकमेकांना लागून होती. त्या चहा मुद्दाम गार करून प्यायच्या. गरम चहाची चव लागत नाही, नुसता चटका लागतो, म्हणायच्या. कुणाची स्तुती करत नसत. मुलाने बरोबर उत्तर दिलं तर “बरं, पुढे?” एवढंच. पण त्या ‘बरं’साठी पोरं जीव टाकायची, हे मी पाहिलेलं आहे.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय रस्त्यातली. भांडुपहून त्या चालत यायच्या आणि चालताना स्वतःशी इंग्रजी बोलायच्या. तेही मोठ्याने. समोर जे दिसेल त्याचं वाक्य करायच्या. द डॉग इज स्लीपिंग अंडर द रिक्षा बिकॉज द रोड इज हॉट. द शॉप इज क्लोज्ड, बट द मॅन इज इनसाइड. रिक्षावाले हसायचे. आमच्यातल्या काहीजणी त्यांची नक्कल करायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर चालत होते तेव्हा न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, नावं कुणालाही येतात. टेबल, चेअर, लीफ, रूट. पोर ‘बिकॉज’ म्हणायला लागलं की समजायचं, भाषा आता त्याच्या पायावर उभी राहिली. मग त्याला ‘इफ’ द्यायचं. ‘इफ’ आलं की विज्ञान सुरू.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही काचेच्या नळ्या धुताना, माझ्याकडे न बघता. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसं बिऱ्हाड परळहून भांडुपच्या डोंगरावर आलं. शाळेत विज्ञानात त्या पहिल्या असायच्या, सगळं मराठीत. अकरावीला कॉलेजात गेल्या आणि पहिल्या तासाला प्राध्यापक जे बोलले त्यातलं अक्षर कळलं नाही. नंतर, खूप नंतर कळलं की ऑस्मॉसिस म्हणून ते आपलं परासरणच शिकवत होते. “मनुका फुगतत तां माका तिसरीपासून म्हायत होता गो,” त्या म्हणाल्या. मालवणी त्यांच्या तोंडून फक्त रागात किंवा अशा वेळी यायची. त्या वर्षी त्या नापास झाल्या. वडिलांनी विचारलं, तुला विज्ञान येत नाही काय? मग प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची नावं वाचत, गाईडच्या जुन्या प्रती जमवत, रस्त्याने वाक्यं करत त्यांनी इंग्रजी मिळवली. तिचे उच्चार अखेरपर्यंत मालवणीच राहिले.

म्हणून त्यांच्या मते चूक दोन जातींची असायची. एक डोक्यातली, एक तोंडातली. “तोंडातलीला मारू नकोस,” हे त्या मला नेहमी सांगायच्या. आणि मुलांना सांगायच्या की इंग्रजीला घाबरू नका, तीही कुणाच्या तरी आईचीच भाषा आहे. तिच्याशी नीट वागा, तीही वागेल.

वह्या तपासताना त्या पान उभं दुमडायच्या. डाव्या अर्ध्यात हिरव्या पेन्सिलीने विज्ञानाचे गुण, उजव्या अर्ध्यात निळ्या पेन्सिलीने भाषेचे. त्यांची बेरीज कधीच करायच्या नाहीत. मुख्याध्यापकांनी एकदा एकूण गुण मागितले, तर बाईंनी त्यांना विचारलं की सर, तुमची उंची आणि वजन मिळवलं तर काय येतं? सर हसले. तेव्हा ते हसत असत.

शाळेतली मुलं दरवर्षी कमी होत होती. आसपासच्या इंग्रजी शाळांच्या बसेस आमच्या फाटकासमोरून मुलं भरून जायच्या. संस्थेने सेमी सुरू केलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. पण सातवीपर्यंत पोचताना अर्ध्या मुलांचा गोंधळ उडत होता. मग संस्थेने सांगितलं की सहावीच्या मुलांची इंग्रजी नेमकी किती आहे ते बघा, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी जादा तास ठेवता येतील. एखादी चाचणी घेऊ, मुख्याध्यापक म्हणाले.

बाई सभेत उभ्या राहिल्या. त्या सहसा सभेत बोलत नसत. म्हणाल्या, चाचणी घेऊन पाठांतर कळेल. मूल हाताने काहीतरी करत असतं, त्याला त्यात गंमत वाटत असते, तेव्हा ते जे बोलतं ती त्याची खरी भाषा. मला प्रयोगशाळा द्या आणि ही इंग्रजीची पोरगी द्या. मी बघते.

पोरगी म्हणजे मी.

दिवाळीनंतर आम्ही बसलो ते परीक्षा जवळ येईपर्यंत. तीन-तीन मुलं बोलवायची. समोर मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घालायचा काचेचा पेला, मिठाचं पाणी आणि अंडं, किंवा वाळू-खडीची गाळणी. आधी नुसतं करून बघायचं. मग आपल्या भाषेत सांगायचं, कुठल्याही. मग इंग्रजीत सांगायचं, आणि शेवटी चार ओळी लिहायच्या. बाई डावीकडचं ऐकायच्या, मी उजवीकडचं. नंतर दोघी मिळून ठरवायच्या. भाषेसाठी त्यांनी चार पायऱ्या केल्या होत्या: नुसते शब्द, तुटक वाक्य, जोडलेलं वाक्य, आणि वरची पायरी म्हणजे कारण देता येणं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं मनापासून कुठलंही काम केलेलं नाही. मुलं त्या खोलीत वेगळीच दिसायची. वर्गात मान खाली घालून बसणारी पोरं पेल्यातल्या ज्योतीकडे बघत एकमेकांना ढकलायची.

ओंकार नावाचा एक मुलगा होता, ट्यूशनला जाणारा, नीटनेटका. मेणबत्ती विझली तसा त्याने एका दमात सांगितलं, द फ्लेम इज एक्स्टिंग्विश्ड ड्यू टू द डिप्लीशन ऑफ ऑक्सिजन. मी खूश झाले. बाईंनी विचारलं, डिप्लीशन म्हणजे रे काय? तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, “ते गाईडमध्ये आहे, बाई.” बाईंनी पेला उचलून मेणबत्ती परत पेटवली आणि ती पुन्हा विझेपर्यंत त्याला बघायला लावलं. तो बघत राहिला. भाषेची मी त्याला वरची पायरी दिली होती, ती त्यांनी राहू दिली. वाक्य त्याने म्हटलंय ना, मग ते त्याचं. डावीकडे मात्र जवळजवळ काही नव्हतं.

आणि मग सुजाता.

ती त्याच वर्षी हिंगोलीकडून आली होती. वडील कचऱ्याच्या गाडीवर, आई पवईच्या एका टॉवरमध्ये साफसफाईला. वर्गात ती बोलायचीच नाही. काही विचारलं तर वस्तू उचलून दाखवायची. पान म्हटलं की पान, मूळ म्हटलं की मूळ. तिची मेणबत्ती विझली तेव्हा बाकीच्या दोघांनी “हवा संपली” म्हणून टाकलं. सुजाता पेल्याच्या तळाशी डोळा लावून बसली होती. बराच वेळ. बाई थांबल्या. थांबणं त्यांना फार चांगलं यायचं.

“समदी न्हाई संपली, बाई,” ती म्हणाली. “समदी संपली असती तर पेला रिकामा झाला असता. हवा हाय आत. पण दिव्याला पायजे तशी न्हाई राहिली.”

बाईंनी मान हलवली. “बरं. आता इंग्रजीत सांग.”

सुजाताच्या कपाळावर घाम आला. अखेर आलं ते असं: “कँडल स्टॉप. एअर इज. गुड एअर नो.”

डावीकडे बाईंनी पूर्ण गुण दिले. त्या सबंध वर्गात असे गुण आणखी कुणाला नव्हते. उजवीकडे काय द्यायचं यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, अर्थ तर सगळा पोचला. दुसरी पायरी तरी द्या. तिसरी दिली तरी माझी हरकत नाही.

“अर्थ तिच्या डोक्यात आहे, वाक्यात नाही,” बाई म्हणाल्या. “वाक्यात तो तू भरते आहेस.”

मी म्हटलं, पण बिचारी किती घाबरली होती.

“दया आली म्हणून भाषा येत नाही गं कुणाला. आज तिला येत नाही, तर येत नाही असं लिहू. मोठं लिहू. नाहीतर तिच्याकडे लक्ष कोण देईल? जादा तासाला पहिली हीच बसली पाहिजे.” आणि निळ्या पेन्सिलीने त्यांनी सगळ्यात खालची पायरी लिहिली, नेहमीसारख्या स्वच्छ अक्षरात. मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, की अशा पोरीला एक वर्ष नीट मिळालं तर ती ओंकारच्या पुढे जाईल. वाक्य काय, शिकवता येतं. पेल्याला डोळा लावून बसणं शिकवता येत नाही.

सगळं गोळा करून आम्ही मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनी फार कौतुक केलं. संस्थेचे लोक आले, त्यांनीही केलं. असं काम आपल्याकडे पूर्वी झालंच नाही, म्हणाले. बाई त्या दिवशी एप्रनच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. त्यांना मी इतकं सुखात परत कधी पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांनी जादा तासांचा आराखडाही काढला. रोज शेवटच्या तासाला खालच्या पायरीची मुलं प्रयोगशाळेत येणार, आणि फक्त बोलणार.

निकालाच्या दिवशी सातवीच्या तुकड्या फळ्यावर लागल्या. अ तुकडी सेमी. ब तुकडी मराठी. ज्यांची भाषेची पायरी खालच्या दोनातली होती ती सगळी मुलं ब मध्ये होती. विज्ञानाची बाजू कुठेच नव्हती. संस्थेने कागदाचा उजवा अर्धा तेवढा घेतला होता.

बाईंना आधी वाटलं, चूक झाली असेल. त्या मला घेऊनच मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर म्हणाले की चूक नाही. जादा तासांना शिक्षक मंजूर झालेला नाही, आणि सेमीचा निकाल खाली आला तर सगळी शाळाच धोक्यात आहे. ब तुकडीतही मुलं शिकतीलच. बाई म्हणाल्या, हे गुण मदतीसाठी होते, वेगळं काढण्यासाठी नव्हते. सरांनी समोरचे कागद नीट लावले. वाईट माणूस नव्हता तो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आपल्या हातून शाळा बंद पडू नये एवढंच त्याला हवं होतं. अखेर तो खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, मी कुणावर अन्याय केलेला नाही. गुण तुमचेच आहेत.”

बाहेर आल्यावर बाई जिन्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मालवणीतून काहीतरी निघेल. त्या एकेक पायरी उतरायला लागल्या.

जूनमध्ये ब तुकडी उघडलीच नाही. ज्यांना जमलं त्या पालकांनी सुट्टीतच मुलं दुसरीकडे नेली होती. उरलेल्यांत तुकडी चालवण्याइतकी संख्या नव्हती. ती मुलं संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवली, हायवेच्या पलीकडे. तिथे विज्ञानाला कायमचा शिक्षकच नव्हता. काही मुलं तिकडे गेली. काही कुठेच गेली नाहीत. सुजाता कुठल्यात होती ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.

बाई घरोघरी जायला लागल्या. शाळा सुटली की निघायच्या, कधी मलाही घ्यायच्या. सुजाताचं घर डम्पिंगच्या बाजूच्या वस्तीत होतं, अरुंद गल्लीत, पण आत लख्ख. भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर, खाली मांडणीवर उतरत्या क्रमाने डबे. आई नुकतीच कामावरून आली होती, युनिफॉर्मच अंगावर होता. तिने आम्हाला बसायला चटई टाकली. खोलीच्या मधोमध एक साडी पडद्यासारखी लावली होती. तिच्यामागे सुजाता होती. तिचे पाय आम्हाला दिसत होते.

बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. पोर हुशार आहे, म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. विज्ञानात सगळ्या वर्गाच्या पुढे आहे, तिला घरी बसवू नका, त्या शाळेत पाठवा, मी तिथे येऊन शिकवेन.

आईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच कठीण होतं. “बाई, तुमी तर लिहून देलं ना, हिला येत न्हाई म्हणून. शाळेत मला ते दाखवलं. खाली तुमची सही हाय.”

बाईंनी तोंड उघडलं. मला माहीत होतं त्या काय सांगणार होत्या. दोन बाजू असतात, एक हिरवी, एक निळी, दोन्हींचा अर्थ वेगळा. पण त्या घरात, त्या दमलेल्या बाईसमोर, ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “हो. सही माझीच आहे.”

पडद्यामागचे पाय हलले नाहीत. बाईंनी एकदा हाक मारली, सुजाता. आई म्हणाली, लाजती ती.

परतताना बाई माझ्या पुढे पुढे चालत होत्या. रस्ताभर कुत्री होती, रिक्षा होत्या, बंद दुकानं होती. त्या एक वाक्य बोलल्या नाहीत. त्यानंतर रस्त्याने त्यांना इंग्रजी बोलताना कुणी ऐकलं नाही. नक्कल करणाऱ्यांनाही ते जाणवलं. एकीने मला विचारलंसुद्धा, बाईंना बरं नाही का?

मग त्यांनी पलीकडच्या शाळेत शनिवारी जाऊन शिकवायला सुरुवात केली, एप्रन आणि पिशवी घेऊन. सुजाता पहिले काही शनिवार आली, असं त्या म्हणाल्या. मागे बसायची. मग तिथल्या मुख्याध्यापकांनी हरकत घेतली. बाहेरच्या शिक्षकाने प्रयोग करताना काही भाजलं-कापलं तर जबाबदार कोण? तेही बंद झालं.

आमच्या शाळेत त्या निवृत्तीपर्यंत शिकवत राहिल्या. पान अजून दुमडायच्या, पण उजवा अर्धा कोरा ठेवायच्या. दरवर्षी भाषेच्या पायऱ्या भरून मागितल्या जायच्या आणि दरवर्षी त्या कोरे कागद परत द्यायच्या. त्यांना नोटीस मिळाली. ती त्यांनी वाचली, टेबलाच्या खणात ठेवली आणि चहा गार व्हायची वाट बघत बसल्या. त्यांच्याऐवजी त्या पायऱ्या मग आम्ही बाकीच्या भरायचो. एकदा मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही भरल्यात तर निदान खऱ्या तरी असतील. त्या म्हणाल्या, “खऱ्या होत्या म्हणूनच तर लागल्या.” निरोपसमारंभाला त्या आल्या नाहीत. शाल आणि नारळ मी घरी नेऊन दिला. शाल त्यांनी शेजारणीला देऊन टाकली.

मी त्यांच्याकडे जात राहिले. एकट्याच होत्या. भाऊ गावी गेला होता, आंबे-काजू बघायचा. त्यांच्या बोलण्यात शाळा येत नसे. मुलं भेटायला यायची, त्यातली काही चांगली शिकलेली. ओंकार इंजिनियर झाला होता. तो पेढे घेऊन आला तेव्हा बाईंनी त्याला बसवलं, त्याचं काम समजून घेतलं, पुढे काय म्हणून विचारलं. तो गेल्यावर पेढ्याचा पुडा बराच वेळ मांडीवर धरून होत्या.

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे तपासायला मी घेऊन गेले होते. ऊन फार होतं, त्यांना काळा चष्मा लावूनही सहन होईना. म्हणून शेजारच्या मॉलमध्ये थोडं गार बसू म्हणून गेलो. तळमजल्यावर एक मोठं दुकान होतं, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन. दाराशीच पाणी शुद्ध करायच्या मशीनचा काउंटर होता आणि तिथे कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी एका गुजराती जोडप्याला माहिती देत होती. इंग्रजीत. न अडखळता, हसत, मधे त्यांचे प्रश्न घेत, त्यांना उत्तरं देत. इफ युअर वॉटर इज फ्रॉम द टँकर, सर, यू नीड धिस वन, बिकॉज द सॉल्ट्स आर हाय.

मी आवाजाने नाही, चेहऱ्याने ओळखलं. बाईंनी मात्र आवाजाने ओळखलं असावं, कारण त्यांना त्या चष्म्यातून फारसं दिसत नव्हतं. त्यांची पावलं थांबली.

जोडपं गेलं तशी तिने आमच्याकडे पाहिलं. “बाई?” ती पुढे आली आणि तिथेच, दुकानात, वाकून पाया पडली. चांगली उंच झाली होती. केस नीट बांधलेले, नखांना रंग. बाईंचा हात धरून तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि डोळ्याचं विचारलं.

मग आपलं सांगितलं, भराभर, मुंबईच्या मराठीत. हिंगोलीचं काही उरलं नव्हतं त्यात. दहावीला राहिली. कशात राहिलीस, हे बाईंनी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. “सायन्समध्ये ना, बाई. तिकडे टीचरच नव्हत्या. मग बसलेच नाही परत. आई आजारी होती.” आता भाऊ कॉलेजला होता, तो हिच्या पगारावर. काम बरं होतं, एसीत होतं. दिवसभर उभं राहावं लागायचं, पण आता सवय झाली होती.

बाई म्हणाल्या, “इंग्रजी छान बोलतेस.”

सुजाता लाजली. एवढ्या वर्षांत तेवढंच तिचं जुनं दिसलं. “कंपनीने ट्रेनिंग दिलं होतं. एक मॅडम होत्या, रोज आमच्याशी बोलायच्या, फक्त बोलायच्या. थोड्याच महिन्यांत आलं. मला वाटायचं ते काय मोठं असेल.” ती हसली. “सोपं असतं बाई, कुणी नीट शिकवलं तर.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच बाईंना एक चांगली बातमी देत होती.

एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, कडेवर मूल घेतलेली एक बाई आणि तिचा नवरा. सुजाता “एक मिनिट हं” म्हणून वळली आणि पहिल्यापासून सुरू झाली. तेच हसू, तोच स्वच्छ आवाज. पाणी कुठून येतं, त्यात काय काय असतं, ते कसं निघतं.

मी बाईंच्या कोपराला हात लावला. म्हटलं, चला, रिक्षा बघते. त्यांच्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ऑपरेशनच्या डोळ्यातून येत होतं की दुसऱ्या, ते कळत नव्हतं.

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “तिचं सांगून होऊ दे.”